शैलाच्या तेवीस बाटल्या

घ्या, चहा घ्या. बिनसाखरेचा आहे, तोंडं वाकडी करू नका. माझ्या हातच्या चहातली साखर का बंद झाली तेच तर सांगायला बसलोय. फक्त एक कबूल करा. यातलं अक्षरही दिलीपच्या कानावर जाता कामा नये. का, ते शेवटी कळेल.

माझ्या हातून याआधी घोळ झालेच नाहीत असं मी म्हणत नाही. मागे एकदा भल्या सकाळी मी शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तासभर उपसला होता, आपलाच समजून. तो खिडकीत उभा राहून कॉफी पीत बघत होता, एका शब्दाने बोलला नाही. पण गेल्या नोव्हेंबरात मी जे करून बसलो ना, त्याच्यापुढे तो बर्फ म्हणजे काहीच नाही. आणि वर सांगतो, त्या घोळातूनच मी जिंकलो! हो हो, जिंकलो! हसा, खुशाल हसा.

तर मेडिकेअर. इथे बसलेल्या तरुण मंडळींसाठी सांगतो. पासष्टी ओलांडली की इथलं सरकार तुम्हाला आरोग्यविमा देतं. पण देऊन मोकळं होत नाही. दरवर्षी पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर तुम्हाला प्लॅन बदलायची मुभा. आणि त्या दिवसांत फोन! सकाळी दात घासताना फोन, दुपारी डोळा लागला की फोन. दात फुकट, चष्मा फुकट, जिम फुकट! एका बाईने तर मला इतक्या मायेने विचारलं, "हाऊ आर यू फीलिंग टुडे, विनायक?" की मी तिला माझ्या गुडघ्याची सगळी कथा सांगितली, पहिल्या कळेपासून. वीस मिनिटांनी तिनेच फोन ठेवला. विमा विकणाऱ्या बाईने, आहात कुठे!

इतकी वर्षं प्लॅनची घरी येणारी सगळी चोपडी मी थेट रिसायकलिंगमध्ये टाकत आलो. जुना प्लॅन आपोआप पुढे चालू राहतो, मग कशाला डोकं शिणवा? पण गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर विमा कंपनीचं एक जाड पाकीट आलं आणि शैलाने ते उघडून वाचलं.

"अहो," ती म्हणाली, "पुढच्या वर्षापासून माझ्या डोळ्यांच्या डॉक्टर यांच्या यादीत नाहीत."

"मग दुसऱ्या बघू," मी पेपरातून मान वर न करता म्हणालो.

ती काहीच बोलली नाही. आणि शैला बोलली नाही की मी मान वर करतो, एवढं चाळीस वर्षांत शिकलोय.

तुम्हाला माहीत नसेल. अकरा वर्षांपूर्वी शैलाला काचबिंदू निघाला. आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं, दोघांनी चष्म्याचा नंबर बदलून घरी पाठवलं. या बाईंनी पहिल्याच तपासणीत पकडला. ड्रॉप्स, लेसर, दर चार महिन्यांनी तपासणी. त्या नसत्या तर शैला आज सुईत दोरा ओवू शकली नसती. तिच्या लेखी त्या डॉक्टर म्हणजे घरातलं माणूस, दिवाळीला त्यांच्या क्लिनिकमध्ये चकल्यांचा डबा जातो. आणि मी म्हणालो, दुसऱ्या बघू! माझी मलाच लाज वाटली.

"सात डिसेंबरच्या आत तुझ्या डॉक्टर ज्या प्लॅनमध्ये आहेत तो शोधून काढतो की नाही बघ," मी म्हणालो. "माझा शब्द आहे."

आपल्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत या दिवसांत स्वयंसेवक बसतात, मेडिकेअरचा फुकट सल्ला द्यायला. मी अपॉइंटमेंट घेतली. फोनवरच्या बाईंनी बजावलं, की येताना औषधांची यादी आणा, नाहीतर सरळ बाटल्याच घेऊन या.

शैला म्हणाली, "माझी यादी माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त ड्राइव्ह करा."

फक्त ड्राइव्ह? मी? छत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली मी! कंपनीतला एक नटबोल्ट माझ्या सहीशिवाय गेटबाहेर जात नव्हता. तो माणूस बायकोच्या सांगण्यावरून फक्त ड्राइव्ह करणार? मी ठरवलं, आपण पूर्ण इन्व्हेंटरी काढायची. तिला न सांगता. एकदम एक्सेल शीट समोर ठेवायची, की ती थक्क झाली पाहिजे.

थक्क झाली म्हणा. त्या बाबतीत ठरवल्यापेक्षा जास्तच झालं.

मंगळवारी शैला मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये चालायला जाते. ती गेली तसा मी कामाला लागलो. बाथरूमच्या कपाटात तिच्या ड्रॉप्सच्या दोन बाटल्या आणि बीपीच्या गोळ्या. ठीक, ते मला ठाऊक होतं. मग म्हटलं, स्वयंपाकघरही बघू. वरचं कपाट उघडलं आणि काय सांगू, मागच्या रांगेत नऊ बाटल्या! त्या फार्मसीच्या नारिंगी बाटल्या असतात ना, पांढऱ्या झाकणाच्या, तशा. मग मी पेटलोच. देवघराच्या फळीवर दोन. खिडकीच्या कट्ट्यावर एक. आणि बेसमेंटमध्ये फ्रीझरच्या शेजारी बुटांच्या खोक्यात, वर रुमाल झाकून, अकरा!

तेवीस बाटल्या.

प्रत्येकीवर लेबल. पण लेबलाचा नावाचा भाग फाडलेला, फक्त औषधाचं नाव राहिलेलं. मी एकेक नाव गूगल करायला लागलो. हृदयाचं. रक्त पातळ करण्याचं. फिट येऊ नये म्हणून. मूत्रपिंडाचं. थायरॉईडचं. झोपेचं. मी खुर्चीत बसलो. मग पाणी प्यायलो. मग पुढचं गूगल केलं.

एक तर प्रोस्टेटचं निघालं. आता शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं, की नको? पण मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हटलं, आजकाल एकच औषध दहा रोगांवर देतात.

तुम्ही विचाराल, अरे बाबा, एखादी बाटली उघडून का नाही बघितलीस? बरोबर प्रश्न आहे. उत्तर द्यायला लाज वाटते. ती झाकणं मला उघडता येत नाहीत. लहान मुलांनी उघडू नयेत म्हणून ती दाबून फिरवायची असतात, आणि माझा अंगठा हा असा, आखडलेला. लहान मुलं दोन मिनिटांत उघडतात, मी नाही उघडू शकत. उजेडात धरली तर लेबलाआडून नुसत्या सावल्या, हलवून मात्र बघितली. आत गोळ्या खुळखुळल्यासारखं व्हायचं. क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला आणखी काय हवं?

म्हणजे शैला माझ्यापासून लपवत होती. नावं फाडून, रुमालाखाली झाकून. का? तर मला काळजी वाटू नये म्हणून. आणि मी म्हणालो होतो, दुसऱ्या बघू!

तुम्ही हसताय, पण त्या दुपारी मी बेसमेंटच्या पायरीवर बसून रडलो. खरंच रडलो. या बाईशिवाय मी काय करणार? मला तर मोलकरीण नसलेल्या या देशात वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं तेही माहीत नाही. ते जाऊ दे. चार माणसांत बोलून दाखवायचं नसतं म्हणून बोललो नाही कधी, पण ती घरात नसली की मला घर खायला उठतं.

बाटल्या होत्या तशा ठेवल्या आणि तिला काही विचारायचं नाही असं ठरवलं. तिने लपवलंय ना, मग तिचा मान ठेवायचा. आपण फक्त प्रेम द्यायचं.

आता चाळीस वर्षं ज्याने प्रेम दाखवलं नाही त्याने ते अचानक दाखवलं तर काय होतं, ऐका.

त्या संध्याकाळी मी भांडी घासली. शैला स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"काय फोडलंत?" तिने विचारलं.

"काही नाही. तू बस. दमली असशील."

"गाडी ठोकलीत का?"

"शैला, तू आराम कर. मी आहे ना."

ती दोन पावलं मागे सरकली. दुसऱ्या दिवशी मी टीव्हीचा रिमोट आपण होऊन तिच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी अंथरूण घातलं आणि तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. तेव्हा मात्र ती आतल्या खोलीत गेली आणि रेवाला फोन लावला. रेवा म्हणजे आमची मुलगी, शॉमबर्गला शाळेत बँड शिकवते. मराठी सगळं समजतं, उत्तरं इंग्लिशमधून.

पाच मिनिटांत माझा फोन वाजला.

"बाबा, आर यू डाइंग?"

"मी? मी कशाला?"

"आई सेज यू आर वॉशिंग डिशेस."

आता हिला काय सांगणार? मी आवाज खाली आणला. म्हटलं, "रेवा, मी ठीक आहे. पण आईसाठी आपण सगळ्यांनी खंबीर राहिलं पाहिजे."

मग ती म्हणाली, "आय ऍम कमिंग टू द लायब्ररी." आणि फोन बंद.

आणि याच्यावर कळस कसा चढला बघा. त्याच शुक्रवारी शैला मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि मी जिन्यात उभा होतो. चोरून ऐकत नव्हतो, मोजे घालत होतो. ती म्हणाली, "अगं, पुढच्या वर्षी माझ्याच्याने होईल असं वाटत नाही. माझ्याकडचं सगळं तुम्ही वाटून घ्या. बेसमेंटमध्ये खोक्यात ठेवलंय."

माझ्या हातातला मोजा गळून पडला.

आता दिलीपला फोन करणं भाग होतं. दिलीप नागपूरचा, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याला गुडघ्यांमुळे घराबाहेर पडवत नव्हतं, तेव्हा उन्हाळ्यात मीच त्याला माझ्या सांध्याच्या गोळ्यांतल्या वीस-पंचवीस काढून दिल्या होत्या. या गोळ्यांचं जरा आत्ताच सांगून ठेवतो. दुकानात सरळ मिळतात, चिठ्ठी लागत नाही, डॉक्टरही म्हणाले होते की घ्यायच्या तर घ्या. वर्षभर घेऊन काडीचा फरक नव्हता. आणि जुलैपासून काय चमत्कार! रोज सकाळी चहाबरोबर एक टाकायची, गुडघा लोण्यासारखा. चवही बरी केली होती त्यांनी अलीकडे. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. तुमच्यातल्या तिघांना तर मी जबरदस्तीने बाटलीचा फोटो पाठवलाय, आठवतं?

तर दिलीप म्हणाला, "हे पहा बे, रडू नको. त्या लायब्ररीतल्या बाईसमोर सगळ्या बाटल्या मांड. तेवीसच्या तेवीस. वहिनींसमोरच. एकदा उघड झालं की मन हलकं होते. आणि ते आपल्या गोळ्यांचं पण विचारून घे, प्लॅनमध्ये बसते का. माझ्या संपल्या ना यार."

मला पटलं.

सोमवारी सकाळी शैला आंघोळीला गेलेली बघून मी तेवीसही बाटल्या किराण्याच्या कापडी पिशवीत भरल्या आणि गाडीत मागे ठेवल्या. सबंध रस्ताभर प्रत्येक वळणावर मागून खुळखुळ आवाज.

"गाडीचं काहीतरी सुटलंय," शैला म्हणाली.

"सुटू दे," मी म्हणालो आणि तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला आणि म्हणाली, "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा."

लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर छोट्या खोलीत डॉना नावाच्या बाई बसल्या होत्या. रिटायर्ड शाळामास्तरीण, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, समोर लॅपटॉप. रेवा आधीच येऊन बसलेली, डोळे लाल. मला मिठी मारली, मग आईला, मग पुन्हा मला. शैला म्हणाली, "काय चाललंय तुम्हा दोघांचं?"

डॉनाने विचारलं, "तर मग, औषधं कोणकोणती?"

शैला पर्स उघडायला लागली. मी म्हटलं, "थांब!" आणि पिशवी उचलून टेबलावर उपडी केली.

तेवीस बाटल्या टेबलभर. दोन गडगडत खाली गेल्या. डॉनाने चष्मा लावला.

"या सगळ्या तुमच्या मिसेस घेतात?"

"सगळ्या," मी म्हणालो. मी उभा राहिलो. "शैला, मला सगळं कळलंय. तू एकटीने सोसलंस. पण इथून पुढे नाही. जे काय होईल ते आपण दोघं मिळून बघू."

रेवा हुंदका देऊन म्हणाली, "आई, व्हाय डिडन्ट यू टेल अस?"

शैला एकदा माझ्याकडे, एकदा टेबलाकडे बघत होती. तिचं तोंड उघडंच. मी समजलो, बिचारीचं बिंग फुटलंय.

डॉनाने गंभीर चेहऱ्याने रक्त पातळ करणाऱ्या औषधाची बाटली उचलली. तळहाताने टक् करून झाकण दाबलं, फिरवलं, झालं! सेकंदात! आणि बाटली हातावर उलटी केली.

कारल्याच्या बिया.

त्या बिया कशा असतात बघितल्यात ना? चपट्या, करकरीत, कडा कुरतडल्यासारख्या. डॉना त्या हातात घेऊन निरखत राहिली. मग तिने अगदी हळू विचारलं, "या पाण्याबरोबर घेतात का?"

"अहो!" शैला ओरडली, अख्ख्या लायब्ररीला ऐकू जाईल अशी. "माझं बियाणं! खोक्यातलं बियाणं उचलून आणलंत तुम्ही?"

पुढची बाटली, फिटच्या औषधाची. पडवळाच्या बिया. थायरॉईडची, मेथी. झोपेची, अंबाडी. हृदयाची, घेवडा, जांभळा आणि हिरवा मिक्स. देवघरातल्या दोघींत अक्षता आणि कुंकू. कुंकवाची डॉनाने जरा जोरात उघडली, तिचा पांढरा स्वेटर गेला. आणि मूत्रपिंडाच्या औषधाची उघडली तर हिंग! खालच्या मजल्यावरून सिक्युरिटीवाला वर आला, गॅस लीक झालाय का विचारायला.

उलगडा तुम्हाला झालाच असेल, पण सांगतो. आपल्या इथल्या बायका दर शरदात एकमेकींना बिया वाटतात. बी कोरडं राहायला त्या नारिंगी बाटल्यांइतकं दुसरं काही चांगलं नाही म्हणे. शैलाच्या बागेतलं बियाणं तिच्या खोक्यात, आणि इतर दहा-बाराजणींचंही तिच्याच खोक्यात, कारण आमचं बेसमेंट कोरडं. नावं फाडायला रेवानेच शिकवलं होतं. रिकाम्या बाटलीवर आपलं नाव ठेवायचं नाही, चोर काय वाट्टेल ते करतात, म्हणून. आणि गुडघ्यांमुळे पुढच्या वर्षी शैलाच्याने वाफे होणार नव्हते, ते मी जिन्यात ऐकलेलं फोनवरचं बोलणं. म्हणजे मी काय गूगल करून रडत होतो? नेपरव्हिलमधल्या यच्चयावत मराठी कुटुंबांची आजारपणं! प्रोस्टेटवाली बाटली कोणाच्या घरातून आली ते शैलाने ओळखलं. मी नाव घेणार नाही. पण तुमच्यापैकी एकजण आत्ता कपात बघतोय.

शैला हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी, टेबलावर डोकं टेकून हसली. मग अचानक थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणून भांडी घासलीत?"

"म्हणून," मी म्हणालो.

"मी मरणार म्हणून?"

मी खाली पडलेल्या बाटल्या उचलायला वाकलो. तिने पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, "वेडा आहे हा माणूस." मराठीत म्हणाली, तरी डॉनालाही कळलं असावं, कारण तिने टिश्यूचा डबा आमच्याकडे सरकवला.

मग शैलाने पर्समधून चौघडी केलेला एक कागद काढला. दोन ड्रॉप्स, एक बीपीची गोळी, डॉक्टरांचं नाव, पत्ता, फोन. सुवाच्य अक्षरात. झाली यादी. डॉनाने ती लॅपटॉपमध्ये भरली आणि तीन प्लॅन काढले. त्यातल्या एकाच्या यादीत शैलाच्या डॉक्टर होत्या!

"सापडलं!" मी टेबलावर हात आपटला. पुन्हा एक बाटली खाली गेली.

"थांबा," डॉना म्हणाली. "या याद्या कधीकधी जुन्या असतात. डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून विचारा, पुढच्या वर्षी हा प्लॅन घेणार का. प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा."

आता हे काम कोणाचं? माझं! मी फोन लावला. बावीस मिनिटं होल्डवर. तेच तेच पियानोचं संगीत. रेवा म्हणाली, पियानो आऊट ऑफ ट्यून आहे. शैलाने माझ्या कोटाची बाही धरून ठेवली होती आणि सोडत नव्हती. शेवटी रिसेप्शनिस्ट आली. मी प्लॅनचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. तिने बघितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा बघितलं.

"येस सर. पुढच्या वर्षी आम्ही हा घेतो. शैला म्हणजे चकलीवाल्या शैला ना?"

अहो, काय सांगू! मी खुर्चीवरून उठून नाचलो. गुडघ्यासकट नाचलो! शैलाने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. अकरा वर्षं ज्या बाईंनी तिचे डोळे राखले, त्या पुढेही राखणार होत्या. दिलेला शब्द मी पाळला होता, आणि सात डिसेंबरला अजून सोळा दिवस होते! डॉनाने तिथल्या तिथे फॉर्म भरून घेतला, शैलाने वाचून, समजून, बटण दाबलं. मी छाती पुढे काढून उभा. त्या क्षणी कोणी माझा फोटो काढला असता तर मी तो हॉलमध्ये लावला असता.

इथेच गप्प बसलो असतो तर अब्रू वाचली असती.

"आणि तुमचं?" डॉनाने मला विचारलं. मेडिकेअरमध्ये नवरा-बायकोचा एकत्र प्लॅन नसतो, प्रत्येकाचा वेगळा.

"माझं सोपं आहे," मी म्हणालो. "कोलेस्टेरॉलची एक गोळी आहे, ती कुठेही मिळते. पण एक औषध मात्र प्लॅनमध्ये पाहिजेच पाहिजे. त्याच्यावर मी उभा आहे." आणि कोटाच्या खिशातून माझी पांढरी बाटली काढली. सांध्याच्या गोळ्यांची. खास तिला दाखवायला आणली होती. "हिचं झाकण मला उघडता येतं," असंही वर म्हणालो. "आणि ही मी रोज उघडतो. हिच्यात काय आहे ते मला माहीत आहे."

"अशी व्हिटॅमिनं सहसा प्लॅनमध्ये बसत नाहीत," डॉना म्हणाली. तरी तिने एक गोळी हातावर घेतली. बघितली. आता तिलाही सवय झाली होती, तिने ती नाकाशी नेली.

शैलाने कपाळाला हात लावला.

"अहो, ही बाटली कुठून घेतलीत?"

"मायक्रोवेव्हवरून. रोज तिथूनच तर घेतो."

"तुमच्या गोळ्या जूनमध्येच संपल्या. मी विचारलंही होतं, नवीन आणू का. तुम्ही म्हणालात, बघू. मग मी त्या रिकाम्या बाटलीत माझ्या घशासाठी केलेल्या सुंठ-गुळाच्या गोळ्या भरल्या."

रेवा तोंडावर हात दाबून बसली होती.

"पाच महिने?" मी विचारलं.

"मी तीनदा भरली ती बाटली," शैला म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला आवडतात."

आता जरा आठवा. सप्टेंबरात डॉक्टर मला म्हणाले होते की शुगर थोडी वर सरकलीय, गोड काय खाता? मी छातीला हात लावून शपथ घेतली होती, की काहीच नाही! आणि घरी येऊन खापर शैलाच्या चहावर फोडलं होतं. त्या दिवसापासून तिलाही बिनसाखरेचा चहा प्यायला लावला होता, साथ म्हणून. हे सगळं तिला त्या खोलीत एकदमच आठवलं. तिच्या चेहऱ्यावर मला ते आठवताना दिसलं.

डॉनाने माझ्या फॉर्मवर औषधांच्या रकान्यात कोलेस्टेरॉलची गोळी लिहिली आणि खाली कंसात काहीतरी लिहून गालातल्या गालात हसली. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

तर अशी ती हकिकत. शैला जानेवारीत तिच्या डॉक्टरांकडे जाऊन आली, डोळ्यांचं प्रेशर उत्तम, चकल्या पोचल्या. बिया वाटून झाल्या, फक्त कारली आणि पडवळ माझ्यामुळे मिसळलीत, वेलाला काय येईल ते त्या वेलालाच माहीत. आणि बघा, पुढच्या ऑक्टोबरपासून आपल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठ लोकांना मीच लायब्ररीत घेऊन जाणार आहे. अनुभवी माणूस म्हणून. अट एकच, बाटल्या घरून उघडून आणायच्या.

दिलीपला अजून सांगितलेलं नाही. त्याचेही गुडघे खडखडीत बरे झालेत, परवा जिना चढून आमच्याकडे आला. कशाला उगाच?

माझा गुडघा? तोच तर घात झाला. गोळी बंद केल्यापासून पुन्हा कुरकुर सुरू आहे. काल तर फार ठणकला, म्हणून मी शैलाला हळूच म्हटलं, फक्त एक दे. तिने चहाच्या कपात स्वतःसाठी दोन चमचे साखर ढवळली, माझ्यासमोर, सावकाश. आणि म्हणाली, "आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा."